ऑफिसच्या वेळेत पाहिलेलं ओसाका

ओसाकात कोणाकडे पाहुणे येणार असले की ओळखीचे लोक मला फोन करतात. किल्ला, मत्स्यालय, कालव्याकाठच्या झगमगीत पाट्या हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना हवं असतं त्यापलीकडचं, एका दिवसात जाऊन येण्यासारखं, गर्दी नसलेलं. मी सांगतो. फुकटात पाणी ओलांडून देणारी बोट कुठे लागते, साकाईला जाणाऱ्या जुन्या ट्रॅममध्ये कुठल्या बाजूला बसावं, कुठल्या देवळाच्या आवारात दुपारी सावली असते. लोक म्हणतात, "तुला भटकायची भारीच हौस!" हौस कसली डोंबलाची. माणसं घरात कोंडली जातात हे मी ऐकून होतो. मी घराबाहेर कोंडला गेलो होतो, तेही इस्त्रीचा शर्ट घालून आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून.

आम्ही जपानला आलो ते बायकोच्या नोकरीमुळे. पुण्यात दोघंही हिंजवडीत होतो. तिला टोकियोचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा मुलगी नुकती चालायला लागली होती, आणि दोघांपैकी एकाने घर सांभाळायचं ठरलं. तिचा पगार जास्त, तिचं जपानी बरं, माझं यथातथाच. मी राजीनामा दिला. त्यात मला काही मोठा त्याग वगैरे वाटला नाही. पोरीला आंघोळ घालायला, पोळ्या लाटायला, कचरा जाळायचा आणि न जाळायचा असा वेगळा करायला मी शिकलो, आणि खरं सांगायचं तर टेस्टिंगच्या कामापेक्षा ते मला जास्त आवडलं.

पहिली काही वर्षं आम्ही टोकियोतल्या हिगाशी-कसाईत होतो. तिथे नवऱ्याबरोबर आलेल्या मराठी बायका पुष्कळ होत्या. बायकोबरोबर आलेला नवरा मी एकटा. त्या मला चिडवायच्या, पण मेथी कुठे मिळते, मुलांचा चांगला डॉक्टर कोण, हे आधी मलाच सांगायच्या. मग बायकोचं कॉन्ट्रॅक्ट बदललं. ओसाकाला खाडीत भराव घालून केलेल्या बेटावर कॅसिनोचं भलंमोठं रिसॉर्ट उभं राहतंय, त्यातल्या हॉटेलांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर तिच्याकडे आलं. आम्ही बंदराजवळच्या पोर्टटाउनमध्ये राहायला आलो. गॅलरीतून त्या बेटावरच्या क्रेन दिसायच्या. आजूबाजूला मराठी माणूस औषधालाही नव्हता.

आता घोळ कुठे झाला ते सांगतो. आम्ही जपानला आल्यावर थोड्याच दिवसांत व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "अभिनंदन! तुलाही नोकरी लागली म्हणे तिकडे. पाळी कुठली?" मी चक्रावलो. बाबांच्या मागे उभी असलेली आई तोंडावर बोट ठेवून जोरजोरात मान हलवत होती. बाबांनी जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात सुपरवायझरकी केली. त्यांच्या लेखी माणसाला पाळी असते, नाहीतर तो आजारी असतो. मी म्हणालो, "जनरल." ते खूश झाले.

नंतर आईला फोन करून मी बरंच तोंडसुख घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या मावसभावाचं आठवतंय ना?" आठवत होतं. तो घरी बसला आणि त्याची बायको शाळेत नोकरी करू लागली, तेव्हापासून बाबांनी त्याच्याकडचा चहा सोडला होता. 'बायकोच्या जिवावर खातो' हे वाक्य ते त्याच्या तोंडावर बोलले होते. त्यात बाबांची अँजिओप्लास्टी झालेली. "त्यांना धक्का बसायला नको," आई म्हणाली. "आणि तू कुठे आहेस ते त्यांना दिसतंय का इथून?"

पाच वर्षं दिसलं नाही. मग त्यांनी तिकीटच काढलं.

तीन महिन्यांचा व्हिसा. निघायच्या आधी आईचा फोन आला. "हे बघ, आम्ही आहोत तोवर रोज ऑफिसला जायचं. तीन महिने काढ. मी डबा देईन."

"कुठल्या ऑफिसला, आई?"

"ते मला काय विचारतोस? एवढं मोठं शहर आहे."

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी तशीच हातात ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या पगारावर घर चालतं याची लाज नक्की कोणाला वाटते, एवढं एकदा ठरवा तुम्ही लोक," ती म्हणाली. मग पुन्हा चिरायला लागली. "तुझे आईवडील, तुझं नाटक. मी खोटं बोलणार नाही. कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगणारही नाही." मुलगी तेव्हा पहिलीत गेली होती. तिला काही शिकवायची वेळ आली नाही, कारण ती आजोबांना सगळी उत्तरं जपानीतच द्यायची.

पहिल्या सोमवारी बाबा माझ्या आधी उठून, दाढी करून तयार. आईने डबा दिला. बाबा दारापर्यंत आले, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पॉलिश कर जरा. लोक बघतात." मी बूट पुसले आणि निघालो. मागून मुलगी जपानी रीतीने ओरडली, "इत्तेराश्शाय!" जाऊन ये.

जाऊन येतो, पण कुठे? पहिला दिवस मी ग्रंथालयात काढला. तिथे माझ्याआधीच बरेच म्हातारे वर्तमानपत्र उघडून डोळे मिटून बसले होते. एक गणवेशातला माणूस फिरायचा आणि झोपलेल्याच्या टेबलावर हळूच बोटाने टकटक करायचा. दुपारी त्याने माझ्याही टेबलावर टकटक केली. मी जागा होतो, नुसता खाली बघत होतो, तरी मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी 'सुमिमासेन', माफ करा, म्हणून उठलो आणि बॅग घेऊन बाहेर पडलो.

घराजवळ राहायची तर सोयच नव्हती. बाबांना सकाळ-संध्याकाळ चालायची सवय. आठवड्याभरात पोर्टटाउनमधली झाडांची वाट, समुद्राकाठचा बांध, पक्ष्यांचं ते छोटं अभयारण्य, सगळं त्यांनी पायाखाली घातलं. एरवी मी भाजी आणायला ज्या रस्त्यांनी जायचो ते सगळे रस्ते मला बंद झाले. कोम्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या, बाईंना आठवडाभर मी दिसलो नाही, तर मी आजारी आहे का असं त्यांनी बायकोला विचारलं.

मग मी लांब जायला लागलो. तेम्पोझान नावाचा डोंगर आहे. डोंगर म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या कामाला टाकलेला मुरूम याहून उंच असतो. देशातला सर्वांत बुटका डोंगर म्हणून त्याचं नाव होतं. मग त्सुनामीनंतर उत्तरेकडे त्याहून बुटका निघाला आणि याची तीही नोकरी गेली. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायची. त्याच्या जवळून पालिकेची बोट सुटते, पलीकडच्या काठाला सोडते, पैसे घेत नाही. सायकलवाले कामगार त्यात चढतात, मान खाली घालून उभे राहतात, उतरतात. मी पलीकडे उतरायचो आणि पुढच्या बोटीने परत यायचो. बोटीवरचा पिवळ्या हेल्मेटचा माणूस आधी नुसती मान झुकवायचा. काही दिवसांनी तो मला "ओत्सुकारेसामा" म्हणायला लागला. दमलात, असं कामाहून येणाऱ्याला म्हणतात. मला त्याची चीडच आली. त्याची काहीच चूक नव्हती.

सुमियोशीच्या देवळात लाल लाकडी पूल आहे, पाठीचा कणा वाकवल्यासारखा उंच. लोक तो चढून उतरतात म्हणजे शुद्ध होतात. मी इतक्यांदा चढलो-उतरलो की माझ्यात अशुद्ध काही उरायलाच नको. तिथून जुनी ट्रॅम साकाईला जाते, घरांच्या परसांना घासत. साकाईत सुऱ्या करणाऱ्यांची गल्ली आहे, दारं उघडी असतात, आत ठिणग्या उडत असतात. दारात उभं राहून मी पाहायचो. आतला माणूस क्षणभर वर बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. त्याला काम होतं.

आणि साकाईतच एका राजाची समाधी. जगातल्या मोठ्या समाध्यांपैकी एक म्हणतात. जाऊन पाहिलं तर काय, पाण्याने वेढलेली झाडी. विमानातून पाहिलं तर किल्लीच्या भोकासारखा आकार दिसतो, जमिनीवरून नुसतं रान. आत कोणाला जाऊ देत नाहीत. लोक भोवती चालतात, एक चक्कर मारून घरी जातात. मी दोन-दोन चकरा मारायचो. तिथल्या बाकावर बसून डबा उघडायचो. आई डब्यात दोन पोळ्या जास्त घालायला लागली होती, बरोबर गूळ. मी दिवसभर चालतोय हे तिला ठाऊक होतं. एकदा त्या बाकावर घास हातात धरून मी रडलो. माझंच घर, माझीच मुलगी, कपाटात माझंच पोळपाट-लाटणं, आणि मी तिथे जायचं नाही. मुलगी शाळेतून आल्यावर तिला काय काय सांगायचं असतं, ते संध्याकाळपर्यंत शिळं होतं. मी 'दमून' घरी यायचो आणि बाबा म्हणायचे, "त्याला बसू दे जरा, आताच आलाय." मग ती माझ्यापाशी येता येता थांबायची. मला ते बोचायचं, फार बोचायचं.

शनिवार-रविवारी सगळ्यांना घेऊन तीच ठिकाणं दाखवायची. मी पहिल्यांदाच आल्यासारखा नकाशा उघडून उभा राहायचो आणि बायको समुद्राकडे तोंड करून हसू दाबायची. त्या फुकटच्या बोटीवर एका रविवारी हेल्मेटवाल्याने मला पाहून नेहमीप्रमाणे मान झुकवली, आणि आज सुट्टी का, असं विचारलं. आई पटकन म्हणाली, "इथे सगळेच फार अदबीने वागतात, नाही?" बाबा पलीकडच्या क्रेन बघत होते.

"तिथे काय बांधतायत?" त्यांनी विचारलं.

"हॉटेल," आई म्हणाली.

"काजिनो!" मुलगी ओरडली. एरवी तिचं जपानी आजोबांना कळत नसे, पण हा शब्द बरोबर कळला.

आईचा चेहरा पडला. बायको मात्र सरळ म्हणाली, "हो बाबा, कॅसिनो. माझं काम त्यातल्या हॉटेलचं आहे, पण शेवटी तिथलंच."

मला वाटलं, आता जुगारावर प्रवचन होणार. बाबांनी विचारलं, "पगार वेळेवर देतात ना?" ती हो म्हणाली. "मग झालं," ते म्हणाले. तेव्हा मला कळायला हवं होतं की हा माणूस मी धरून चाललोय तितका पोलादी नाही. पण मी माझ्याच विवंचनेत होतो.

शेवटचा महिना लागला आणि एका शनिवारी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "आज मला तुझं ऑफिस दाखव."

आईने हातातली बशी खाली ठेवली. "आज सुट्टी आहे हो. बंद असेल."

"बाहेरून बघू. परत गेल्यावर लोक विचारतील, कुठे आहे, कसं आहे. मी काय सांगू?"

आईने मला आत बोलावलं. ती खरंच घाबरली होती. "एखादी चांगली इमारत दाखव आणि परत आण," ती कुजबुजली. "गुडघा दुखतोय म्हणून मी थांबते, माझ्या तोंडावरून त्यांना कळेल."

आम्ही दोघंच निघालो. खाडीच्या काठाला एक उंच टॉवर आहे, काचांचा, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. गाडीत मी मजला ठरवून टाकला. टॉवरसमोर पोचल्यावर म्हणालो, "हे."

बाबा थांबले. वरपर्यंत पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, चपला काढल्या आणि त्या इमारतीला हात जोडले. कारखान्याच्या पहिल्या पायरीपाशी ते रोज असेच हात जोडून मग आत जायचे, हे मी लहानपणी पाहिलं होतं. दारातल्या पहारेकऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानेही कमरेत वाकून नमस्कार केला. बाबांनी मोबाइल काढला, "उभा राहा तिथे," म्हणाले, आणि माझा फोटो घेतला. मी उभा राहिलो. बॅग नव्हती तर हात कुठे ठेवावेत तेही सुचेना.

ते चपला घालत असताना मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "बाबा, हे माझं ऑफिस नाही. मला ऑफिसच नाही. मी घरी असतो. मुलीला सांभाळतो, स्वयंपाक करतो. घर तिच्या पगारावर चालतं."

ते चपलेचा पट्टा नीट करत राहिले. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? नाक सोललंय तुझं उन्हाने. कुठल्या ऑफिसात माणूस असा रापतो? पँटीला कुसळं घेऊन येतोस. त्या बोटीवरचा माणूस तुला ओळखतो. आणि तुझी बायको संध्याकाळी आली की तिला कुठला डबा कुठे ठेवलाय ते तुला विचारावं लागतं. स्वतःच्या घरात. स्वयंपाकघर कोणाचं आहे ते कळतंच की."

"मग आता नमस्कार कशाला केलात?"

"तू एवढा ठरवून घेऊन आलास," बाबा म्हणाले. "मी काय करायला हवं होतं?"

आम्ही काठाच्या पायऱ्यांवर बसलो. मला एकच विचारायचं होतं, ते इतकी वर्षं मनात होतं. ते विचारलंच. "तुम्हाला माझी लाज वाटते का?"

बाबा चटकन नाही म्हणाले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. त्यांनी विचार केला. "वाटली," ते म्हणाले. "पहिले पंधरा दिवस फार वाटली. अजून थोडी वाटते. जाईल. पोर तुझ्या हातची पोळी मागते, आजीची नको म्हणते, ते बघतोय मी." मग म्हणाले, "तुझ्या मावसभावाकडे जायला हवं एकदा, चहाला."

छातीवरचं ओझं उतरलं असं वाटलं. सोमवारी सकाळी मी मुलीला शाळेत सोडायला जाणार, दुपारी कणीक मळणार, हे सगळं त्या पायऱ्यांवर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "चला, घरी जाऊन आईला सांगू."

बाबांनी माझा दंड धरला. "खबरदार," ते म्हणाले. "तिने सगळ्या बहिणींना सांगितलंय. सोसायटीत सांगितलंय. माझ्यासाठी म्हणून इतकी वर्षं हे ओढतेय ती. मला ठाऊक आहे हे तिला कळलं, तर ती माझ्यापुढे मान वर करायची नाही. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. आम्ही जाईपर्यंत तू ऑफिसला जा."

"बाबा, अजून महिना आहे."

"काढ," ते म्हणाले. आईनेही हाच शब्द वापरला होता.

घरी गेल्यावर आईने दारातच आमचे चेहरे पाहिले. बाबा मोठ्याने म्हणाले, "काय इमारत आहे! मान दुखली." आणि तिच्यादेखत त्यांनी तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. 'चिरंजीवांचे कार्यालय' असं खाली लिहिलं. पुण्याहून, नाशिकहून अंगठे आणि फुलं यायला लागली. मावसभावानेही अभिनंदन लिहिलं. आई देवापुढे साखर ठेवायला गेली. बायको माझ्याकडे बघत होती. काय झालं ते मी तिला मागाहून सांगितलं. ती हसली नाही. "म्हणजे आता घरात कोणालाच हे खरं वाटत नाहीये, तरी तू जाणार," ती म्हणाली.

सोमवारी आईने डबा दिला. मी बूट घातले. बाबा म्हणाले, "थांब, मीही येतो स्टेशनपर्यंत." आम्ही झाडांच्या वाटेने चाललो. तिकिटाच्या फाटकापाशी त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "आज कुठे जाणार?"

दोन महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. "साकाईला," मी म्हणालो. "एका राजाची समाधी आहे. आत जाता येत नाही, भोवती फिरायचं."

"बघण्यासारखी आहे?"

"नाही तशी. पण सावली आहे. बाकं आहेत."

त्यांनी फाटकाकडे पाहिलं, खिसा चाचपला. प्रवासाचं कार्ड होतं त्यांच्याकडे, मीच काढून दिलेलं. ते बाहेर काढून त्यांनी थोडा वेळ हातात धरलं. त्यांना यायचं होतं, मला दिसत होतं, आणि ते यावेत असं मलाही फार वाटत होतं. मग त्यांनी कार्ड परत खिशात घातलं.

"नको," ते म्हणाले. "तुझ्या आईने दूध आणायला पाठवलंय."